ध्वनिमुद्रिकेवरील आवाज आणि नाव : अमेरिकेतील किशोर गायकवृंदांविषयी

ध्वनिमुद्रिकेवर दोन प्रकारचा पुरावा असतो. तबकडीच्या खाचांत गाणाऱ्याचा आवाज असतो, आणि तिच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदी लेबलावर काही नावे छापलेली असतात. संगीताच्या इतिहासाचा अभ्यास करताना हे दोन्ही पुरावे एकाच तोलाचे मानण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः आवाज गाणाऱ्याने दिलेला असतो. नाव मात्र मुद्रिका काढणाऱ्याने दिलेले असते. हा भेद किती दूरवर पोहोचतो हे पाहावयाचे असल्यास, १९५०च्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या शहरांत निर्माण झालेल्या किशोर गायकवृंदांचा इतिहास उद्बोधक ठरतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी एकत्र येऊन गायिलेल्या आणि आज ‘डू-वॉप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गीतांच्या असंख्य मुद्रिका निघाल्या. त्यांतील बहुतेक वृंद एकदोन मुद्रिकांनंतर विस्मृतीत गेले. त्यांचा आवाज राहिला. त्यांची नावे मात्र कधी गळाली, कधी बदलली, तर कधी दुसऱ्यांनाच मिळाली.

वृंद आणि वस्ती

१९१० ते १९७० या कालखंडात अमेरिकेच्या दक्षिण भागातून सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत स्थलांतरित झाले. न्यूयॉर्कमधील हार्लेम व ब्राँक्स, तसेच फिलाडेल्फिया, शिकागो, लॉस एंजेलिस येथील दाट वस्त्यांत त्यांची पुढची पिढी वाढली. चर्चमधील सामूहिक गायनाचा संस्कार तिला घरातून मिळाला होता. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नव्हती; परंतु गळा सर्वांजवळ होता. शाळेचे मार्ग, इमारतींचे जिने, भुयारी रेल्वेची स्थानके आणि रस्त्यांचे कोपरे या ठिकाणी चार-पाच मुले जमत व गात. जिन्याच्या आणि स्थानकाच्या फरशी बसविलेल्या भिंतींवरून आवाज घुमून परत येई, आणि कच्च्या गळ्यांनाही त्यामुळे भरीवपणा लाभे.

कोल्हापूरच्या वाचकास या रचनेची कल्पना करणे अवघड नाही. शिवाजी पेठेतील खंडोबा तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉल संघ मैदानात उतरतो, तेव्हा त्यात खेळाडू अकराच असले तरी जिंकते किंवा हरते ती सारी पेठ. मंगळवार पेठेतील पाटाकडील तालमीशी होणाऱ्या सामन्याकडे कोणीही निव्वळ खेळ म्हणून पाहत नाही. अमेरिकेतील गायकवृंदांमागे तालमीसारखी स्थिर संस्था नव्हती. पण वस्तीचा अभिमान आणि वस्त्यावस्त्यांतील चढाओढ हे दोन्ही घटक तेथेही तितकेच प्रबळ होते. ‘डिऑन अँड द बेलमाँट्स’ या इटालियन वंशाच्या मुलांच्या वृंदाने आपले नाव ब्राँक्समधील बेलमाँट या रस्त्यावरून घेतले. हार्लेमचे ‘जेस्टर्स’ आणि ब्रुकलिनचे ‘पॅरागन्स’ यांची गीते १९५९ मध्ये एकाच दीर्घ मुद्रिकेत, जणू दोन वस्त्यांचा सामना लावल्याप्रमाणे, एकत्र प्रसिद्ध झाली. वृंदाचे नाव हेच सर्वांचे नाव, ही वृत्ती अशा वातावरणात स्वाभाविक होती. मात्र तिचा परिणाम असा झाला की, एकेका गायकाचे नाव लेबलावर असावे असा आग्रह धरण्याचे भान फारच थोड्यांना राहिले.

गायनाचे स्वरूप

या गायनप्रकाराचा उगम १९३० व १९४०च्या दशकांतील ‘मिल्स ब्रदर्स’ आणि ‘इंक स्पॉट्स’ या प्रौढ वृंदांपर्यंत मागे नेता येतो. न्यूयॉर्कचा ‘रेव्हन्स’ आणि बाल्टिमोरचा ‘ओरिओल्स’ हे महायुद्धानंतरचे वृंद त्याच्या अधिक जवळचे होत. ‘ओरिओल्स’ची १९४८ मधील पहिली मुद्रिका लोकप्रिय झाली, आणि पक्ष्यांची नावे धारण करणाऱ्या वृंदांची एक लाटच उसळली.

वृंदात साधारणतः चार किंवा पाच गायक असत. उंच पट्टीतील मुख्य गायक गीत म्हणे; मधले दोघे-तिघे त्याच्या स्वराखाली संवादी स्वर धरीत; आणि खर्जातील गायक वाद्यवृंदातील मोठ्या तंतुवाद्याप्रमाणे लयीचा पाया घाली. साथीची वाद्ये नसल्यामुळे त्यांचे काम अर्थहीन अक्षरांवर सोपविलेले असे. तराण्यातील अक्षरांना जसा शब्दार्थ नसतो, तरी लय आणि स्वर वाहून नेण्याचे सामर्थ्य असते, तसेच येथेही म्हणता येईल. फरक एवढाच की, तराण्यात ही अक्षरे मुख्य गायकाच्या मुखी असतात, तर येथे ती साथीदारांच्या वाट्यास येतात. ‘डू-वॉप’ हे नावही अशाच अक्षरांवरून पडले. ती अक्षरे फिलाडेल्फियाच्या ‘टर्बन्स’ या वृंदाच्या १९५५ मधील मुद्रिकेत ऐकू येतात. गायनप्रकाराचे नाव म्हणून ती रूढ झाली १९६०च्या दशकात व त्यानंतर. ज्या मुलांनी हे गायन घडविले, त्यांच्या उमेदीच्या काळात त्याला हे नावच नव्हते.

स्वररचना वरकरणी अत्यंत साधी होती. पुष्कळशी संथ गीते केवळ चार स्वरगुच्छांवर उभी आहेत. भारतीय परिभाषेत सांगावयाचे तर पहिला षड्जावरील, म्हणजे सा-ग-प. दुसरा धैवतावरील, म्हणजे ध-सा-ग. तिसरा मध्यमावरील, म्हणजे म-ध-सा. आणि चौथा पंचमावरील, म्हणजे प-नि-रे. या चार गुच्छांत बिलावल थाटाचे सातही स्वर येऊन जातात, आणि लगतच्या पहिल्या तीन गुच्छांत दोन-दोन स्वर सामाईक असल्यामुळे एका गुच्छातून दुसऱ्यात जाताना गायकाला फारशी उडी घ्यावी लागत नाही. लिखित स्वरलिपी न जाणणाऱ्या मुलांना केवळ कानाने हे सारे साधता आले, याचे एक कारण या रचनेतच आहे. ताल चार मात्रांचा असून प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग केलेले असत. चौकट एकच असल्यामुळे वृंदाची ओळख ठरे ती आवाजांच्या परस्परमेळावरून आणि मुख्य गायकाच्या कंठगुणावरून. याच कारणास्तव एकाच गीताच्या दोन वृंदांनी केलेल्या मुद्रिका जाणकारास एक क्षणही एकसारख्या वाटत नाहीत.

छोट्या कंपन्यांचा उदय

वस्तीतील मुले सर्वच देशांत गातात. अमेरिकेतील मुलांचे गाणे मुद्रित का झाले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी यंत्र आणि बाजार यांच्या इतिहासात सापडते.

त्या काळच्या तबकड्या मुख्यतः लाखेपासून बनविल्या जात, आणि ही लाख छोटा नागपूर व आसपासच्या जंगलांतून जगभर जाई. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने युद्धाच्या गरजेस्तव तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेचा वापर सुमारे ७० टक्क्यांनी कमी केला. त्याच वर्षी ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्यांनी उपलब्ध लाख आपल्या खपाऊ गायकांसाठी राखून ठेवली, आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांची मागणी बऱ्याच अंशी अपुरीच राहिली. युद्धानंतर चुंबकीय फितीमुळे मुद्रण स्वस्त झाले. १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेरे घेणारी हलकी व सहसा न फुटणारी तबकडी बाजारात आली. आता थोड्या भांडवलावर कंपनी काढणे शक्य झाले, आणि मोठ्या कंपन्यांनी मोकळी ठेवलेली जागा छोट्या कंपन्यांनी भरून काढली.

या कंपन्यांचे स्वरूप पुष्कळदा घरगुतीच असे. बॉबी रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर मुद्रिकांचे दुकान काढले, आणि दारात येऊन गाऊन दाखविणाऱ्या वृंदांसाठी पुढे ‘रेड रॉबिन’ ही कंपनी चालविली. लॉस एंजेलिसच्या ‘पेंग्विन्स’ या वृंदाचे ‘अर्थ एंजल’ हे गीत १९५४ मध्ये एका घराच्या मोटारखान्यात मुद्रित झाले. ‘डूटोन’ या छोट्या कंपनीची ती मुद्रिका देशाच्या सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचली. न्यू हेवन येथील ‘फाइव्ह सॅटिन्स’ या वृंदाने १९५६ मध्ये सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात गायिलेले गीत अद्यापही ऐकले जाते. या मुद्रिकांत गाण्याबरोबर त्या जागेचाही नाद उतरला आहे. मोठ्या कंपनीच्या सुसज्ज खोलीत जो पुसला गेला असता, तो वस्तीचा आवाज येथे दैवयोगाने टिकला.

किशोर वृंद छोट्या कंपन्यांस सोयीचे वाटत, यास आणखी एक कारण होते. त्यांना वाद्यवृंद फारसा लागत नसे, आणि गीतही पुष्कळदा मुले स्वतःच घेऊन येत. गीतकार किंवा संगीतकार यांना वेगळे मानधन देण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. परंतु मुलांना जे फुकट वाटत होते, त्याचे कायद्याच्या दृष्टीने मोल मोठे होते.

लेबलावरील नावाचे मोल

अमेरिकेच्या १९०९च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, विकल्या जाणाऱ्या मुद्रिकेवरील प्रत्येक गीतामागे रचनाकार व प्रकाशक यांच्यासाठी २ सेंट इतका दर ठरलेला होता. १९७८ पर्यंत तो बदलला नाही. गीत रेडिओवरून प्रसारित झाल्यास त्याचाही मोबदला रचनाकार आणि प्रकाशक यांना मिळे. गाणाऱ्यास त्यातून काहीही मिळत नसे. दुसऱ्या कोणी तेच गीत गायिले, तरी उत्पन्न रचनाकाराकडेच येई. म्हणजे गायकाचा लाभ त्याच्या करारापुरता आणि त्याच्या मुद्रिकेच्या खपापुरता मर्यादित राही. रचनाकाराचा लाभ मात्र गीत जिवंत असेपर्यंत चालू राही. यास्तव कंपनीच्या मालकाने लेबलावर रचनाकार म्हणून आपले नाव घालून घेणे हा त्या धंद्यातील सर्रास प्रघात होऊन बसला.

आवाज आणि नाव यांची फारकत किती प्रकारे होऊ शकते, हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

ब्राँक्समधील ‘कॉर्ड्स’ या वृंदाने १९५४ मध्ये ‘श-बूम’ हे स्वतः रचलेले गीत मुद्रित केले. थोड्याच अवधीत ‘क्रू कट्स’ या कॅनडातील गौरवर्णीय वृंदाने तेच गीत मोठ्या कंपनीसाठी गायिले, आणि ती मुद्रिका अनेक आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. येथे रचनाकार म्हणून मूळ मुलांची नावे राहिली. परंतु देशभर जो आवाज घुमला तो त्यांचा नव्हता.

पूर्व हार्लेममधील एका शाळेच्या ११ ते १५ वर्षे वयाच्या मुलींच्या ‘बॉबेट्स’ या वृंदाने १९५७ मध्ये आपल्या शिक्षकावर रचलेले गीत मुद्रित केले. मूळ गीतात शिक्षकाची नालस्ती होती. कंपनीच्या सूचनेवरून तिचे स्तुतीत रूपांतर झाले. रचनाकार म्हणून मुलींची नावे लेबलावर आली, ही त्या काळी दुर्मिळ म्हणावी अशी गोष्ट होती. परंतु त्यांचा मूळ आशय मात्र बदलला गेला.

‘पेंग्विन्स’च्या गीताच्या बाबतीत रचनाकार कोण याविषयी न्यायालयात वाद झाला, आणि वृंदातील कर्टिस विल्यम्स यांच्या जोडीस जेसी बेल्विन व गेनेल हॉज ही नावे पुढे आली. एकाच परिसरात वाढलेल्या तरुणांनी परस्परांच्या चाली उचलून, त्यांत भर घालून रचलेले गीत कायद्याच्या एका रकान्यात बसविणे किती अवघड असते, हे त्या वादाने दाखवून दिले.

या सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘टीनएजर्स’ या वृंदाचे होय. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागातील स्टिट शाळेत जमलेल्या या वृंदात हर्मन सांतियागो आणि जो नेग्रोनी हे पोर्तो रिकन वंशाचे, तर जिमी मर्चंट, शर्मन गार्न्स व फ्रँकी लायमन हे कृष्णवर्णीय होते. ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ हे त्यांचे गीत जॉर्ज गोल्डनर यांच्या ‘जी’ कंपनीने जानेवारी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. मुख्य गायक लायमन त्या वेळी तेरा वर्षांचा होता. मुद्रिका अमेरिकेत सहाव्या, तर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. आरंभीच्या मुद्रिकांवर रचनाकार म्हणून सांतियागोचेही नाव होते. नंतर ते गळून लायमन आणि गोल्डनर ही नावे राहिली. पुढे गोल्डनर यांनी आपला व्यवसाय मॉरिस लेव्ही यांस विकला, आणि गोल्डनर यांच्या जागी लेव्ही यांचे नाव आले. गीत तेच, आवाज तोच. लेबल मात्र दोनदा बदलले. लायमन १९६८ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, अमली पदार्थाच्या अतिसेवनाने मृत्यू पावला.

१९८१ मध्ये डायना रॉस यांनी हे गीत पुन्हा गायिले, आणि त्याच्या उत्पन्नाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. सांतियागो आणि मर्चंट यांनी १९८७ मध्ये दावा दाखल केला. १९९२ मध्ये ज्यूरीने ते दोघे लायमन यांच्याबरोबरीचे रचनाकार असल्याचा निर्णय दिला. परंतु १९९६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. गीत त्यांनी रचले नव्हते असे न्यायालयाने म्हटले नाही. कायद्याने दिलेल्या तीन वर्षांच्या मुदतीत त्यांनी हक्क सांगितला नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते.

विस्मृतीतील वृंद

वरील वृंदांना निदान कीर्ती तरी लाभली. ज्यांना तीही लाभली नाही, त्यांचे प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कच्या जमेका भागातील ‘फाइव्ह शार्प्स’ या वृंदाकडे पाहता येईल. ‘स्टॉर्मी वेदर’ हे १९३३ मधील जुने गीत त्यांनी १९५२ मध्ये, मेघगर्जना आणि पावसाच्या नादासह, ‘जुबिली’ कंपनीसाठी गायिले. मुद्रिका जवळजवळ खपलीच नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी टाइम्स चौकाच्या भुयारी स्थानकातील एका दुकानाभोवती जुन्या मुद्रिकांचे संग्राहक जमू लागले, आणि या मुद्रिकेचा शोध सुरू झाला. तिच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती हाती आल्या, आणि त्यांची किंमत हजारो डॉलरवर गेली. मूळ ध्वनिमुद्रण न सापडल्यामुळे कंपनीने १९६४च्या सुमारास दुसऱ्याच गायकांकडून ते गीत गाऊन घेतले आणि ‘फाइव्ह शार्प्स’ याच नावाने प्रसिद्ध केले. ज्यास केवळ लेबलाचा आधार आहे, त्याला हे दोन वृंद एकच वाटतील. कानाचा आधार घेणाऱ्यास ते भिन्न असल्याचे तत्काळ कळेल.

या संग्राहकांनी केलेले कार्य विद्यापीठांनी केलेले नव्हते. त्यांनी मुद्रिका जमविल्या, क्रमांकांच्या याद्या केल्या, आणि पुढे प्रौढ झालेल्या गायकांना शोधून काढून कोणता आवाज कोणाचा हे विचारून घेतले. आज या वृंदांविषयी जे काही विश्वसनीय ज्ञान आहे, त्यातील मोठा भाग या हौशी परिश्रमांतून आलेला आहे.

मराठी परंपरेच्या संदर्भात

भारतीय परंपरेत नाव आणि आवाज यांची सांगड निराळ्या रीतीने घातलेली आढळते. अभंगाच्या अखेरच्या चरणात संतकवीची मुद्रा असते. पोवाडा व लावणी यांतही शाहीर शेवटच्या कडव्यात आपले व कित्येकदा गुरूचे अथवा साथीदाराचे नाव गुंफतो. यामुळे गीत एका मुखातून दुसऱ्या मुखात गेले तरी कर्त्याचे नाव त्याच्याबरोबर प्रवास करते. अर्थात ही व्यवस्थाही निर्दोष नव्हे. कीर्तिमंत कवीची मुद्रा घालून इतरांनी केलेल्या रचनांचा प्रश्न मराठी संशोधनास चांगलाच परिचित आहे. तथापि नाव काढावयाचे तर गीतच मोडावे लागते, लेबल बदलून ते काम भागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य होय.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी भारतात योगायोगाने असेच काहीसे घडले. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेडरिक गेसबर्ग यांनी कलकत्ता येथे पहिली व्यावसायिक मुद्रणे केली. त्या वेळी प्रथम गाणाऱ्या शशिमुखी व फणीबाला या रंगभूमीवरील मुली चौदा आणि सोळा वर्षांच्या होत्या. त्यानंतर गायिलेल्या गौहरजान यांनी गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे, एवढाच त्यामागील हेतू होता. परंतु या व्यावहारिक सोयीमुळे नाव लेबलावर न राहता खाचांतच कोरले गेले, आणि ते बदलणे कोणत्याही व्यापाऱ्यास शक्य राहिले नाही.

अमेरिकेतील मुलांना ना मुद्रेची परंपरा होती, ना नाव उच्चारण्याची प्रथा. यास्तव त्यांच्या मुद्रिकांचा अभ्यास करणाऱ्यास तीन साक्षी परस्परांशी ताडून पाहाव्या लागतात : खाचांतील आवाज, लेबलावरील मजकूर आणि हयात व्यक्तींची स्मृती. या तिन्हींपैकी लेबल सर्वांत सुबक असते, आणि त्याचमुळे सर्वांत आधी त्यावर विश्वास बसतो. मेळे, कलापथके आणि शाहिरी वृंद यांच्या मराठी मुद्रिकांचा अभ्यास हाती घेणाऱ्यासही हीच सावधगिरी बाळगावी लागेल. कारण साथीतील झीलकऱ्यांचे आवाज मुद्रिकेत असतात, पण त्यांची नावे लेबलावर क्वचितच सापडतात. तीन साक्षींपैकी पहिल्या दोन जपून ठेवता येतात; तिसरी मात्र माणसाबरोबर संपते. मुदतीचा कायदा न्यायालयास बंधनकारक होता, म्हणून सांतियागो आणि मर्चंट यांचे नाव लेबलावर परत आले नाही. संशोधनास असा कायदा बंधनकारक नाही. त्याची मुदत एवढीच की, ज्यांनी गायिले ते सांगावयास हयात असावेत.